तेजोमेघाचे छायाचित्र : नोंद आणि निवड

मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस, अंधाऱ्या व निरभ्र रात्री, नुसत्या डोळ्यांना जो धूसर ठिपका जाणवतो, तो सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेला एम ४२ हा तेजोमेघ होय. त्याच्या गाभ्यातील अतितप्त, तरुण ताऱ्यांचे अतिनील किरण भोवतीच्या हायड्रोजनच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन विलग करतात आणि हे इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंत सामावताना ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो. असा स्वतःचा प्रकाश देणाऱ्या वायुमेघाला उत्सर्जन तेजोमेघ म्हणतात. हायड्रोजन-अल्फा ही त्यातील ठळक रेषा ६५६.३ नॅनोमीटरची, म्हणजे लाल असते, तर दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची रेषा निळसर हिरवी असते. मंद प्रकाशात मानवी डोळ्याला रंग, विशेषतः लाल रंग, फारसा कळत नसल्यामुळे दुर्बिणीतूनही हा मेघ बहुधा करडाच दिसतो.

डोळ्याची ही मर्यादा छायाचित्रणाने ओलांडली, कारण प्रकाश दीर्घकाळ साठवत राहणे डोळ्याला जमत नाही, छायाचित्रणाच्या काचेला जमते. अमेरिकेतील हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी ५१ मिनिटे प्रकाश साठवून याच मेघाचे छायाचित्र घेतले आणि ते कोणत्याही तेजोमेघाचे पहिले छायाचित्र ठरले. इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन यांनी १८८३ मध्ये घेतलेल्या छायाचित्रात तर दुर्बिणीतून पाहणाऱ्या डोळ्यालाही न दिसणारे तारे उमटले.

पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला सुमारे १५ अंश सरकत असल्याने आजही कॅमेरा अशा चालत्या बैठकीवर बसवावा लागतो, जिचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखलेला असतो. साध्या कॅमेऱ्यातील संवेदकापुढची गाळणी हायड्रोजन-अल्फाचा बराचसा प्रकाश अडवते, म्हणून अनेक छायाचित्रकार ती बदलून घेतात. शहरी उजेडात काम करणारे केवळ एका रेषेभोवतीचा अरुंद पट्टा आत सोडणारे नॅरोबँड फिल्टर वापरतात. तथापि काळ्याभोर आकाशाला खरा पर्याय नाही आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मिळालेली मान्यता या दृष्टीने महत्त्वाची आहे.

एका दीर्घ छायाचित्राऐवजी अनेक छायाचित्रे घेऊन ती संगणकावर एकमेकांशी जुळवली जातात व त्यांची सरासरी काढली जाते. याला स्टॅकिंग म्हणतात. चित्रांची संख्या चौपट केल्यास त्यांतील यादृच्छिक गोंगाट, म्हणजे प्रत्येक चित्रातील स्वैर चढउतार, सरासरीत निम्म्यावर येतो. त्यापूर्वी, झाकण लावून तेवढाच वेळ घेतलेली डार्क चित्रे वजा करून संवेदकातील उष्णतेचा अंश काढला जातो आणि सम प्रकाशित पृष्ठभागाची फ्लॅट चित्रे वापरून धुळीचे डाग व कडांची काळोखी दुरुस्त केली जाते. यानंतरही चित्र जवळजवळ काळेच दिसते, कारण मेघाच्या कडांचा प्रकाश अत्यल्प असतो. म्हणून अंधुक छटा गणिती रीतीने उजळल्या जातात, ज्याला स्ट्रेचिंग म्हणतात. एम ४२ चा गाभा मात्र इतका तेजस्वी आहे की तो या उजळणीत पांढराफेक होतो, आणि म्हणून गाभ्यासाठी काही सेकंदांची, तर कडांसाठी काही मिनिटांची छायाचित्रे घेऊन दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

रंगांचा प्रश्न याहून नाजूक आहे. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेल्या गरुड तेजोमेघातील स्तंभांच्या सुप्रसिद्ध चित्रात सल्फरला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग देण्यात आला, कारण सल्फर व हायड्रोजन या दोहोंचा मूळ प्रकाश लालच असल्याने नैसर्गिक रंगांत त्यांच्यातील भेद दिसला नसता. अशा रंगयोजनेला खोटेपणा म्हणता येत नाही, कारण कोणता वायू कोठे आहे ही माहिती त्यामुळेच स्पष्ट होते. परंतु संवेदकावर न उमटलेला तंतू किंवा तारा हाताने भरला, तर ती नोंद राहत नाही, कल्पनाचित्र होते. म्हणूनच तेजोमेघाच्या प्रत्येक छायाचित्राखाली एकूण प्रकाशनकाल, वापरलेले फिल्टर आणि रंगयोजना यांचा उल्लेख असणे आवश्यक आहे, आणि चित्राचे सौंदर्य अनुभवताना वाचकानेही ही माहिती आवर्जून पाहावी.