सन्मानाची नंबरपाटी : अमेरिकेतील सन्मानित सैनिक, त्यांची कुटुंबे आणि राज्यसंस्था

मोटारीच्या नंबरपाटीचे मूळ प्रयोजन अगदी मर्यादित आहे. रस्त्यावरून जाणारे वाहन कोणाचे, हे शासनाला शोधून काढता यावे, एवढ्यापुरतीच ती अस्तित्वात आली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी न्यूयॉर्क राज्याने १९०१ साली वाहननोंदणीचा कायदा केला, तेव्हा पाटी तयार करण्याचे काम मालकाकडेच होते व तीवर त्याच्या नावाची आद्याक्षरे असत. १९०३ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने स्वतः पाट्या देण्यास प्रारंभ केला. पाटी राज्याने दिली म्हणजे तीवरील मजकुराची जबाबदारीही राज्याने पत्करली. या वरवर क्षुल्लक भासणाऱ्या बदलाचे परिणाम पुढे दूरवर पोहोचले. आज त्या देशातील राज्ये पराक्रमाबद्दल पदक मिळविलेल्या, युद्धात जखमी झालेल्या वा शत्रूच्या कैदेत राहिलेल्या सैनिकांना, तसेच कामी आलेल्या सैनिकांच्या कुटुंबीयांना विशेष पाट्या देतात. अशा पाटीवर जो सन्मान व्यक्त होतो तो नेमका कोणाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लष्करी पदक देण्याचा अधिकार तेथे मध्यवर्ती सरकारचा आहे. वाहनांची नोंदणी मात्र घटक राज्यांच्या कक्षेत येते. म्हणजे सन्मान एका सत्तेने द्यावयाचा आणि त्याचे रस्त्यावरील दर्शन दुसऱ्या सत्तेने घडवावयाचे, अशी ही द्विस्तरीय व्यवस्था आहे. सैनिक शूर होता की नाही, याचा निवाडा राज्याची नोंदणी कचेरी करीत नाही. मध्यवर्ती सरकारच्या कागदावर जे नमूद आहे तेवढेच ती पाहते. त्यामुळे एकच पदक असले तरी पाटीचे शुल्क, तिच्यासोबतच्या सवलती आणि ती कोणास मिळावी याचे नियम राज्याराज्यांत भिन्न आहेत.

या पाट्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग कृतीचा. ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च पदक यादवी युद्धाच्या काळात, प्रथम आरमारासाठी १८६१ मध्ये व नंतर भूदलासाठी १८६२ मध्ये निर्माण झाले. आजवर ते सुमारे साडेतीन हजार वेळा दिले गेले आहे. येथे कृत्याची चौकशी होते, साक्षी तपासल्या जातात आणि अनेक पायऱ्यांवरून शिफारस वर जाते. दुसरा वर्ग जखमेचा. ‘पर्पल हार्ट’ या पदकाचे मूळ जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ७ ऑगस्ट १७८२ रोजी सुरू केलेल्या एका कापडी मानचिन्हात आहे. ते चिन्ह दीर्घकाळ विस्मृतीत गेले होते. वॉशिंग्टन यांच्या द्विजन्मशताब्दीच्या दिवशी, २२ फेब्रुवारी १९३२ रोजी, त्याचे पुनरुज्जीवन झाले. आरंभी ते उत्तम कामगिरीबद्दलही मिळे. १९४२ पासून मात्र ते शत्रूच्या हातून जखमी वा मृत झालेल्यांपुरते मर्यादित करण्यात आले. या पदकासाठी शौर्याची शिफारस लागत नाही. जखम शत्रूच्या कृत्यामुळे झाली आणि तीवर वैद्यकीय उपचार करावे लागले, एवढे सिद्ध झाले म्हणजे सैनिक त्याचा हक्कदार ठरतो. तिसरा वर्ग वियोगाचा; त्याचे चिन्ह म्हणजे सोनेरी तारा. पहिल्या दोन वर्गांत पाटीचा धनी स्वतः काही केलेला वा सोसलेला असतो. तिसऱ्या वर्गात ज्याच्यामुळे पाटी मिळाली तो हयात नसतो, आणि जो ती लावतो त्याने रणांगण पाहिलेलेही नसते.

पाटीवरील शब्द कोणाचे, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे दोनदा निराळ्या रूपांत आला. न्यू हॅम्पशायर राज्याच्या साध्या पाटीवर ‘स्वतंत्र जगा अथवा मरा’ अशा अर्थाचे बोधवाक्य असे. जॉर्ज मेनार्ड या गृहस्थाने आपल्या धर्मश्रद्धेस ते मानवत नाही म्हणून ते झाकले व त्यापायी तुरुंगवास भोगला. १९७७ साली न्यायालयाने निर्णय दिला की, राज्याचा विचार स्वतःच्या वाहनावर मिरविण्याची सक्ती नागरिकावर करता येणार नाही. पुढे टेक्सास राज्याने दक्षिणी राज्यसंघाच्या सैनिकांच्या वंशजांच्या एका संघटनेस, त्या संघाचे निशाण असलेली विशेष पाटी नाकारली. तो वाद २०१५ साली निकालात निघाला. विशेष पाटीवरील मजकूर हे शासनाचे वक्तव्य आहे, सबब कोणते चित्र स्वीकारावे व कोणते नाकारावे हे राज्य ठरवू शकते, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले.

या दोन निर्णयांची सांगड घातली असता एक महत्त्वाचे सूत्र हाती लागते. राज्य आपला शब्द नागरिकावर लादू शकत नाही आणि नागरिकही आपला शब्द राज्याच्या तोंडी घालू शकत नाही. विशेष पाटी ही उभयतांच्या संमतीने बोललेली गोष्ट आहे. सन्मानित सैनिकाच्या पाटीला हे सूत्र चपखल लागू पडते. मागणी त्याची असते, ग्वाही राज्याची. बाजारातून आणलेले पदकाचे चित्र मोटारीच्या काचेवर कोणीही चिकटवू शकतो. पाहणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवावाच असे नाही. पाटीच्या मागे मात्र तपासलेला कागद असतो, व तिचे मूल्य सर्वस्वी या तपासणीत आहे.

हा कागद बहुधा ‘डीडी २१४’ या नावाने ओळखला जाणारा सेवामुक्तीचा दाखला असतो. सेवेचा काळ, पद, मिळालेली पदके इत्यादी माहिती त्यात असते. परंतु कागदावर आधारलेला सन्मान कागदाइतकाच नाशवंत असतो. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुई येथील लष्करी अभिलेखागारास आग लागली व सुमारे १ कोटी ६० लक्ष ते १ कोटी ८० लक्ष सेवापुस्तिका जळून नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून मुक्त झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के सैनिकांची कागदपत्रे त्यांत होती. म्हणजे दोन्ही महायुद्धांतील आणि कोरियाच्या युद्धातील सैनिक त्यांत आले. ज्याच्या अंगावर जखमेचा व्रण आहे, परंतु घरी दाखला उरलेला नाही, अशा वृद्ध सैनिकाला वेतनाच्या नोंदी व तत्सम अवशेषांवरून आपला भूतकाळ पुन्हा जुळवून घ्यावा लागे. व्रण हा नोंदणी कचेरीच्या लेखी पुरावा नव्हे.

मग तपासणीची ही कठोरता सैल का करू नये? याचे उत्तर उलट बाजूच्या अनुभवात आहे. न मिळालेली पदके मिळाल्याचे सांगणाऱ्यांना शिक्षा देणारा मध्यवर्ती कायदा २००६ साली झाला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. केवळ असत्य बोलणे एवढ्यावरून शिक्षा देणे हे भाषणस्वातंत्र्याशी विसंगत होय, असा त्याचा आशय होता. २०१३ च्या नव्या कायद्याने पैसा, मालमत्ता वा अन्य प्रत्यक्ष लाभ उकळण्याच्या हेतूने केलेली बतावणीच तेवढी गुन्हा ठरविली. निव्वळ बढाईला कायद्याने आवर घालता येत नसेल, तर खऱ्या मानकऱ्याला वेगळे दाखविण्याचा मार्ग एकच उरतो. ज्याची ग्वाही शासन देते असे चिन्ह त्याला द्यावे व ते देताना कसून तपासणी करावी. प्रामाणिक माणसाला होणारा त्रास आणि चिन्हाची विश्वसनीयता ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत.

आता कुटुंबाकडे वळू. १९१७ साली रॉबर्ट क्वाइसनर या ओहायोतील सेनाधिकाऱ्याने, आपले दोन पुत्र युद्धसेवेत असल्याचे दर्शविण्याकरिता, निळ्या ताऱ्यांचे एक निशाण तयार केले. सेवेतील प्रत्येक माणसामागे एक निळा तारा, आणि तो कामी आल्यास निळ्यावर सोनेरी तारा, असा प्रघात पडला. १९१८ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी काळ्या दंडपट्टीवर सोनेरी तारा धारण करण्याच्या सूचनेस मान्यता दिली. १९२८ साली अशा मातांची संघटना स्थापन झाली. १९३० ते १९३३ या काळात माता व विधवांना युरोपातील रणभूमीवरील थडग्यांच्या दर्शनासाठी सरकारी खर्चाने नेण्यात आले. त्यांतही कृष्णवर्णीय मातांना वेगळ्या जहाजांतून पाठविले गेले आणि कित्येकींनी त्या अपमानास्तव जाण्याचेच नाकारले. १९४७ साली कायद्याने सोनेरी ताऱ्याचे बिल्ले देणे सुरू झाले. आजच्या पाटीवरील तारा हा या परंपरेचा वारस आहे. घराच्या खिडकीतील खासगी शोकचिन्ह अशा रीतीने शासकीय वर्ग बनले, आणि वर्ग बनताच त्याला सीमा आखणे भाग पडले.

या सीमा कोठे आखाव्या, हाच खरा कठीण भाग आहे. माता, पिता, पत्नी, पती, अपत्ये एवढेच कुटुंब, की भावंडे व सावत्र नातीही त्यात यावीत? लढाईतील मृत्यू आणि सरावातील अपघाताने आलेला मृत्यू यांत भेद करावा काय? मध्यवर्ती सरकारने दुसऱ्या प्रकारासाठी निराळा बिल्ला ठेवून तो भेद कायम केला आहे. मृत्यूनंतरच्या हस्तांतराचा प्रश्नही असाच आहे. शौर्याची वा जखमेची पाटी ही तत्त्वतः धारकाबरोबर संपावयास हवी. सोनेरी ताऱ्याची पाटी मृत्यूनंतरच सुरू होते. व्यवहारात अनेक राज्यांनी हयात जोडीदारास पहिल्या प्रकारची पाटीही पुढे वापरण्याची मुभा दिली. मात्र ही मुभा पुनर्विवाह होईपर्यंतच, अशी अट ठिकठिकाणी आढळते. या अटीमागील गृहीतक उघड आहे. पत्नीला सन्मान मिळतो तो तिने जे सोसले त्याबद्दल नव्हे, तर ती अद्यापि त्या सैनिकाची विधवा आहे म्हणून.

हे गृहीतक केवळ अमेरिकन नाही. आपल्याकडे शौर्यपदकांबरोबर मिळणारा मासिक भत्ता विधवेला पुनर्विवाहापर्यंतच मिळे. अपवाद होता तो तिने दिवंगत पतीच्या भावाशी विवाह केल्यास. म्हणजे सन्मान घराण्यात राहिला पाहिजे, अशी ती कल्पना होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारत सरकारने ही अट काढून टाकली व पुनर्विवाहानंतरही भत्ता चालू ठेवला. वाहनाच्या बाबतीत आपली रीत निराळी आहे. २००८ सालच्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांनुसार परमवीर चक्रापासून शौर्य चक्रापर्यंतच्या पदकांचे मानकरी पथकरातून मुक्त आहेत. परंतु त्यासाठी त्यांनी आपले छायाचित्रयुक्त प्रमाणित ओळखपत्र दाखवावयाचे असते. तेथे सन्मान वाहनावर जडलेला आहे, येथे तो व्यक्तीच्या हाती आहे. पाटी सर्वांना दिसते. ओळखपत्र मागितल्यावरच दिसते.

नंबरपाटीसारख्या क्षुद्र वस्तूचा इतका विचार करावयाचा तो याचसाठी. पराक्रमाविषयी कृतज्ञता व्यक्त करणे सोपे आहे. ती कोणाला, कशाच्या आधारे आणि कोठवर लागू, हे कलमवार लिहू लागले म्हणजे समाजाची खरी मते प्रकट होतात. पदक देणारे शासन सैनिकाचा गौरव करते, यात संशय नाही. परंतु त्या सैनिकाच्या पत्नीने आयुष्य पुन्हा उभारावयाचे ठरविल्यास तिची पाटी काढून घ्यावी की राहू द्यावी, या एका पोटकलमात त्या गौरवाची कसोटी लागते. अशा पोटकलमांचा राज्यवार तौलनिक अभ्यास जिज्ञासू विद्यार्थ्यांनी अवश्य हाती घ्यावा.