नवी डिस्क, जुने पॅड?

ब्रेकच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. ३.५ मिमी लिहिलं असेल, तर त्याखाली झिजलेली डिस्क बदलायचीच. मग मेकॅनिक विचारतो, पॅड अजून जाड आहेत, तेच बसवू? शक्यतो नकोच. जुन्या डिस्कवरून नख फिरवा, चरे लागतील. पॅडही त्याच चऱ्यांप्रमाणे झिजलेले असतात. सपाट नव्या डिस्कला त्यांचे फक्त उंचवटे टेकतात; तेवढीच जागा तापते आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. पॅड अगदी सपाट, एकसारखे झिजलेले असतील तर वापरता येतात. ऑइल लागलेले मात्र थेट टाकून द्या. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरनं पुसा. सुरुवातीला हलकेच ब्रेक लावत चालवा. पॅडचा पातळ थर डिस्कवर बसेपर्यंत पूर्ण पकड येत नाही.