स्मारक परिसराचा विकास व लोकविचारविनिमय : महात्मा फुले वाड्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

ऐतिहासिक स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वास्तू उभी राहते. तिच्याभोवतीची वस्ती उभी राहत नाही. वास्तविक कोणतेही स्मारक एकटे नसते. त्याला लागून गल्ली असते, भाडेकरूंची घरे असतात, लहानमोठी दुकाने असतात. परिसराचा विकास करावयाचा झाल्यास रस्ता रुंद होतो, वाहनतळ होतो, बाग होते. आणि त्यासाठी लागणारी जागा बहुधा या शेजाऱ्यांकडूनच घेतली जाते. म्हणूनच त्यांच्याशी विचारविनिमय करणे हा केवळ शिष्टाचार नसून तो योजनेचा पाया आहे. प्रस्तुत लेखात पुण्याच्या गंज पेठेतील महात्मा फुले वाड्याच्या संदर्भात या प्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

वाडा आणि त्याचा शेजार :

‘समता भूमी’ या नावाने ओळखला जाणारा हा वाडा म्हणजे जोतीराव व सावित्रीबाई यांचे निवासस्थान होय. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुला केला, तो याच ठिकाणी. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची समाधीही याच आवारात आहे. जवळच सावित्रीबाईंचे स्मारक आहे. भोवती दाट वस्ती असून जुने वाडे, भाडेकरू कुटुंबे व छोटे व्यवसाय यांनी ती भरलेली आहे. ११ एप्रिल व २८ नोव्हेंबर या दिवशी अभिवादनासाठी येणाऱ्या लोकांची येथे मोठी गर्दी होते.

ही दोन स्मारके एकमेकांस जोडून परिसराचा विस्तार करण्याची योजना अलीकडच्या वर्षांत पुढे आली. लगतच्या वस्तीतील जागा घेतल्याशिवाय ती पूर्ण होणे शक्य नाही. स्मारक प्रशस्त व्हावे ही अभ्यागतांची अपेक्षा न्याय्य आहे. आपले घर व रोजगार टिकावा ही रहिवाशांची अपेक्षाही तितकीच न्याय्य आहे. या दोन न्याय्य अपेक्षांची सांगड कशी घालावी, हा खरा प्रश्न आहे.

कायद्यातील तरतुदी :

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागविणे आणि त्यांवर सुनावणी देणे बंधनकारक आहे. भूमिसंपादनासंबंधीच्या २०१३ च्या केंद्रीय कायद्याने याच्याही पुढे पाऊल टाकले. त्यात सामाजिक परिणामांचे मूल्यांकन व जाहीर सुनावणी यांची तरतूद आहे. राज्याने २०१८ मध्ये केलेल्या सुधारणेनुसार काही प्रकारच्या प्रकल्पांना मूल्यांकनातून सूट देता येते, हेही येथे नमूद केले पाहिजे. तथापि, या कायद्याची सर्वांत महत्त्वाची देणगी म्हणजे ‘बाधित कुटुंब’ या संज्ञेची व्याप्ती. तीत केवळ जमीनमालक नाहीत. भाडेकरू, कारागीर आणि संपादनापूर्वी तीन वर्षे त्या ठिकाणी राहणारी किंवा तेथे उपजीविका करणारी कुटुंबेही आहेत. पेठेतील दाट वस्तीत सातबारा वा मिळकतपत्रिकेवर ज्यांचे नाव नाही अशांचीच संख्या मोठी असते. त्यामुळे ‘लोक म्हणजे कोण?’ या प्रश्नाचे उत्तर केवळ मिळकतपत्रिकेत शोधता येणार नाही.

भिडे वाड्याचा अनुभव :

फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली ती बुधवार पेठेतील भिडे वाड्यात. तेथे राष्ट्रीय स्मारक व्हावे अशी मागणी दीर्घकाळ होत होती. तेथील दुकानदार व भाडेकरू यांच्याबरोबरचा वाद मात्र अनेक वर्षे न्यायालयात चालला. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो महानगरपालिकेच्या बाजूने मिटला आणि डिसेंबर २०२३ मध्ये जीर्ण झालेली मूळ वास्तू पाडण्यात आली. कोणाची बाजू योग्य होती याचा निवाडा करणे हा येथे हेतू नाही. न्यायालय हक्काचा निर्णय देते. वाद चालू असताना होणारी वास्तूची झीज ते थांबवू शकत नाही, एवढेच यातून ध्यानी घ्यावयाचे. विचारविनिमयास लागणारा काळ हा विलंब वाटतो. परंतु त्याच्या अभावी होणारा विलंब कितीतरी अधिक असतो.

विचारविनिमयाचे टप्पे :

१) नोंद : आराखड्यापूर्वी घरोघरी पाहणी करावी. कोण राहतो, कोणता व्यवसाय करतो, किती वर्षांपासून, याची नोंद घ्यावी.

२) माहिती : मसुदा सोप्या मराठीत वस्तीतच लावावा. नकाशा वाचणे सर्वांना जमत नाही. अशा वेळी प्रत्यक्ष जागेवर चुन्याची रेघ आखून दाखविल्यास आपले घर आत की बाहेर हे प्रत्येकास कळते.

३) सुनावणी : बैठक कचेरीत दुपारी न घेता वस्तीत संध्याकाळी, काम संपल्यावर घ्यावी. स्त्रियांची स्वतंत्र बैठक घ्यावी. कारण पाणी, शाळा व घरातून चालणारे उद्योग यांविषयी त्यांचे म्हणणे वेगळे असू शकते.

४) पर्याय : एकच आराखडा मांडून होकार मागणे म्हणजे विचारविनिमय नव्हे. कमी जागा घेणारा, टप्प्याटप्प्याने होणारा, वा जुने वाडे दुरुस्त करून त्यांना परिसरात सामावणारा असे किमान दोन पर्याय समोर असावेत.

५) उत्तर : प्रत्येक सूचना स्वीकारली की नाकारली आणि का, हे लेखी कळवावे. हा टप्पा बहुधा वगळला जातो, आणि लोकांचा विश्वास नेमका येथेच तुटतो.

महाविद्यालयांची भूमिका :

वरीलपैकी पहिल्या टप्प्यात इतिहास व समाजशास्त्र विभाग मोलाची भर घालू शकतात. वृद्ध रहिवाशांच्या मौखिक आठवणी, वाड्यांची छायाचित्रे व व्यवसायांची नोंद हे काम विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. शासनाची पाहणी घरे मोजते. अशी नोंद त्या घरांतील आठवणी जपते.

निष्कर्ष :

जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्च करण्याऐवजी ते शिक्षणासाठी वापरावेत, अशी भूमिका त्यांनी तेथे घेतली. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगासमोर निवेदन सादर करून बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणीही त्यांनी मांडली. शासनाने विचारले तेव्हा ज्यांच्या वतीने कोणी बोलत नव्हते त्यांच्या वतीने ते बोलले. त्यांच्या स्मारकाचा परिसर वाढविताना शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकले गेले नाही, तर वास्तू भव्य होईल, पण तिचा आशय उणा होईल. हौद ज्यांच्यासाठी खुला झाला त्यांच्यासारख्याच सामान्य माणसांना आराखड्याच्या चर्चेतही स्थान मिळणे, हे या स्मारकाचे खरे संवर्धन ठरेल.