दुराव्याची तबकडी

भिंतीलाही कान असतात, तेव्हा घरातले भांडण घरातच राहू द्यावे, असे आपली वडीलमाणसे सांगत आली. बॉब डिलन या अमेरिकन गायकाला तसे कोणी सांगितले नसावे. २० जानेवारी १९७५ रोजी 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' ही त्याची दहा गाण्यांची तबकडी निघाली आणि त्याच्या मोडत्या संसाराला लाखो कान लागले.

सारा हिच्याशी त्याचे लग्न झाले १९६५ साली, घटस्फोट १९७७ साली. मधल्या दुराव्यातली ही गाणी. डिलन स्वतः मात्र कानांवर हात ठेवतो. २००४ सालच्या आत्मकथनात त्याने आपल्या एका तबकडीचे मूळ चेकॉव्हच्या कथांत असल्याचे म्हटले आहे. नाव घेतलेले नाही, पण रोख हिच्यावरच आहे असे जाणकार समजतात. मुलगा जेकब याला मात्र या गाण्यांत आपले आईवडील बोलताना ऐकू येतात. खरे कोणाचे मानावे? मी तर मुलाचे मानतो. पांघरुणात जागी असलेली मुले सहसा चुकीचे ऐकत नाहीत.

गाणी प्रथम ध्वनिमुद्रित झाली ती सप्टेंबर १९७४ मध्ये, न्यूयॉर्कला. साथ अगदी बेताची. वेष्टनेही छापून झाली. नाताळात डिलन आपल्या मिनेसोटात गेला आणि त्याचे मन फिरले. भाऊ डेव्हिड याने गावातलेच वादक जमवले आणि २७ व ३० डिसेंबरला मिनियापोलिस येथे दहांपैकी पाच गाणी नव्याने मुद्रित झाली. वेष्टने आधीच छापलेली, त्यामुळे या बिचाऱ्या वादकांची नावे त्यांवर आलीच नाहीत! तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, तरी ते निनावीच.

खरी गंमत पुढेच आहे. न्यूयॉर्कच्या मूळ मुद्रणाच्या काही नमुना-तबकड्या बाहेर गेल्या होत्या. त्यांच्या चोरट्या प्रती रसिकांत हातोहात फिरल्या आणि श्रोत्यांत दोन तट पडले. आपल्याकडे घराण्यांवरून जुंपते, तशीच तिकडे या दोन मुद्रणांवरून जुंपते. 'इडियट विंड' हे गाणे न्यूयॉर्कला हलक्या, जखमी आवाजात येते. मिनियापोलिसला त्याच गाण्याचा संताप होतो. 'टँगल्ड अप इन ब्लू'ची कथा आधी 'तो' म्हणून सुरू होत होती. तीन महिन्यांनी तिथे 'मी' आला. (आणि म्हणे चेकॉव्ह!) २०१८ साली 'मोअर ब्लड, मोअर ट्रॅक्स' या सहा तबकड्यांच्या संचात न्यूयॉर्कचे मुद्रण राजरोस बाहेर आले, तरी वाद मिटलेला नाही. माझे मत विचाराल, तर दुःखाला न्यूयॉर्क आणि रागाला मिनियापोलिस.

असले दुःख लोकांना आवडते तरी कसे, असे डिलननेच १९७५ मध्ये एका नभोवाणी-मुलाखतीत नवल केले होते. पण ऐकणारा दुसऱ्याचे दुःख ऐकायला बसलेला नसतोच. या गाण्यांत एका कडव्यात बोल लावला जातो, पुढच्यात खुशाली विचारली जाते, आणि हा क्रम ज्याने भोगला आहे त्याला तो ओळखीचा वाटतो. शेवटचे 'बकेट्स ऑफ रेन' न्यूयॉर्कचेच ठेवले आहे. एक गिटार, एक बास, बाकी काही नाही; आणि आवाजात राग उरलेला नाही.