साहेब नवा, पार्टी जुनी

माओवादी नेता भूपतीनं 15 ऑक्टोबर 2025 रोजी गडचिरोलीत 60 साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं ठेवली. त्या आठवड्यात नागपूर-मुंबईच्या वर्तमानपत्रांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा हिशेब दोन-तीन रकान्यांत उरकला. चकमकी आल्या, बक्षिसांच्या रकमा आल्या, लोहखनिज तर आलंच. पोलीस मदत केंद्राच्या मोर्च्यात रात्री एकटा उभा राहणारा शिपाई मात्र कुठे दिसला नाही, आणि त्याच्याशी काय बोलावं हे न कळणारा पंचविशीतला उपनिरीक्षकही दिसला नाही. मला या जिल्ह्याचा मागोवा घ्यायचा तर तिथूनच घ्यावा लागतो.

सुरुवातीची वर्षं भराभर सांगतो. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर तोडून गडचिरोली झाला. 1990 मध्ये तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी इथल्याच साठ पोरांचं नक्षलविरोधी सी-60 पथक उभं केलं. त्यानंतरचं दशक भाषणांचं आणि दौऱ्यांचं. त्यात मला फारसा रस नाही. लक्षात ठेवावी ती एकच गोष्ट. सी-60 ची पार्टी तिच्या कमांडरच्या नावानं ओळखली जाते. हा कमांडर बरेचदा हवालदार असतो, गोंडी-माडिया बोलणारा, जंगल पायाखालचं. साहेब दोन-अडीच वर्षांत बदलून जातो, पार्टी तिथंच राहते.

मग 2009 आलं. फेब्रुवारीत मरकेगाव, मे महिन्यात हत्तीगोटा, ऑक्टोबरात विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना लाहेरी. नक्षलवाद्यांच्या या तीन हल्ल्यांत 48 पोलीस गेले, त्यांपैकी हत्तीगोट्यात पाच महिला होत्या. पुढची दहा वर्षं मी इथली बातमीदारी केली, म्हणून तिथं रेंगाळतो.

नाशिकच्या अकादमीतून उपनिरीक्षक यायचे ते सातारा, बीड, जळगावकडचे. त्यांतले कित्येक रुसून आलेले. का रुसणार नाहीत? मंत्रालयात कुणाला दम द्यायचा तर आजही ‘गडचिरोलीला पाठवीन’ असंच म्हणतात. ज्या जिल्ह्याचं नावच शिक्षा म्हणून वापरलं, तिथं पाठवलेल्या पोरानं शिपायाचं मनोबल वाढवावं, ही अपेक्षा करणारे नेते धन्यच. शिपाई हे सगळं ओळखून असायचा. नवा साहेब हजेरीला उभा राहून ‘काही अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा’ म्हणाला की रांग गप्प. चाळिशी उलटलेला हवालदार आपल्या मुलाच्या वयाच्या माणसाला चारचौघांत काय सांगणार?

त्याची अडचण पुस्तकातली नसायचीच. सी-60 मध्ये गेला म्हणून गाव सुटलेलं, बायकापोरं गडचिरोलीत भाड्याच्या खोलीत, म्हातारे आईबाप मागं गावातच. लांबचा एखादा भाऊ नक्षल दलममध्ये. खबऱ्या म्हणून नातलग मारला गेला तर मातीलाही जाता येत नसे.

शहाणे साहेब हळूहळू शिकले. ते रात्री गार्ड तपासायला गेले की पहाऱ्यावरच्या शिपायापाशी तासभर थांबत, अंधारात, तोंडाकडे न बघता. तिथं माणूस बोलतो. ते मेसमध्ये शिपायांच्याच पंगतीला बसत. पार्टी कमांडरला आधी विचारत, मग त्या शिपायाला. आणि सगळ्यात मोठं काम रजेच्या अर्जावर होई. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागड तुटतं. रजा मंजूर होऊनही माणूस अडकतो आणि रजेचे दिवस कॅम्पातच संपतात. नदी उतरल्यावरच रजा सुरू धरा, यासाठी वरच्या कार्यालयाशी भांडणारा एक उपनिरीक्षक मला माहीत आहे. त्यानं समुपदेशन हा शब्द कधी उच्चारला असेल असं वाटत नाही. त्याच्यापाशी माणसं बाकीचंही बोलत: कर्ज, बायकोचा संशय, झोप न येणं.

दारूचं बोलणं सर्वांत अवघड. जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी, त्यामुळे पिणारा शिपाई शिस्तीतही अडकतो आणि कायद्यातही. साहेबाला खरं सांगितलं तर नोकरीवर गदा येणार, मग सांगतो कोण? लगेच कागद न काढता त्याला आधी डॉक्टरकडे नेणारे साहेब मी पाहिले. तसे फार नव्हते.

1 मे 2019 रोजी जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात 15 पोलीस आणि गाडीचा चालक गेला. त्यानंतर उरलेल्यांसमोर ‘बदला घेऊ’ची भाषणं झाली. माणसाला मित्राच्या घरी जाऊन बसायचं असतं, त्याचं सामान बांधून द्यायचं असतं. ते करायला वेळ मिळवून देणं हेसुद्धा साहेबाचंच काम. त्याच वर्षी 4 डिसेंबरला शेजारच्या नारायणपूर जिल्ह्यात, कडेनारच्या आयटीबीपी कॅम्पात, एका जवानानं सहकाऱ्यांवरच गोळ्या झाडल्या. तोही धरून सहा मेले. आपल्याकडे ती बातमी ‘छत्तीसगडची’ म्हणून आतल्या पानावर गेली.

आता ताणतणाव व्यवस्थापनाच्या कार्यशाळा होतात. सभागृह थंडगार, पडद्यावर चित्रं, शेवटी सह्यांचा कागद आणि सामूहिक फोटो. अशा एका कार्यशाळेत मी मागं बसलो होतो. दोन तासांत शिपायांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही, आणि आयोजकांनी उत्तम शिस्त म्हणून त्यांचं कौतुक केलं. तरुण अधिकारी पहिल्या रांगेत, शिपायांकडे पाठ करून.

शरण येणाऱ्यांसाठी शासनाचं धोरण 2005 पासून आहे. त्यात पैसा आहे, पुनर्वसन आहे, आणि ते असायलाच हवं. पण वीस वर्षं जंगल तुडवलेला, गुडघे गेलेला, मलेरियानं पोखरलेला हवालदार आता शांततेत काय करणार, त्याला गावात परत जायचंय का, जाववेल का, हे त्याच्याशी बसून कुणी विचारलंय? मी ज्यांना भेटलो त्यांना तरी नाही. त्यांच्या नव्या साहेबांचा निम्मा वेळ बदलीच्या खटपटीत चाललाय.