तातडीच्या रुग्णविभागातील गर्दी

अपघात, विषबाधा, सर्पदंश, हृदयविकाराचा झटका, गुंतागुंतीची प्रसूती अशा प्रसंगी रुग्णास प्रथम ज्या विभागात आणले जाते, तेथील खाटा, मनुष्यबळ व साधने यांच्या क्षमतेपेक्षा रुग्णसंख्या वाढून उपचारास विलंब होऊ लागणे, या अवस्थेस ही संज्ञा लावतात. महाराष्ट्रात हा विभाग ‘अपघात विभाग’ किंवा ‘कॅज्युअल्टी’ या नावाने परिचित आहे. वस्तुतः अपघातग्रस्त हे तेथील रुग्णांचा केवळ एक भाग असतात.

किरकोळ तक्रारी घेऊन येणाऱ्यांमुळे ही गर्दी होते, असा समज रूढ आहे. तो फारसा खरा नाही. अशा रुग्णांस खाट लागत नाही व ते लवकर परत जातात. खरी कोंडी आतील कक्ष भरलेले असल्यामुळे होते. दाखल करावयाचा रुग्ण मग अपघात विभागातच राहतो, त्याची शुश्रूषा तेथील परिचारिकांवरच पडते आणि नव्याने आलेल्याकडे पाहण्यास कोणी उरत नाही. ब्रिटनमधील १९९९ च्या एका अभ्यासानुसार रुग्णालयातील सरासरी ८५ टक्क्यांहून अधिक खाटा व्यापलेल्या असल्यास तातडीच्या रुग्णास खाट न मिळण्याचा धोका जाणवू लागतो. ९० टक्क्यांपुढे तसे प्रसंग वारंवार ओढवतात. याचे कारण असे, की तातडीचे रुग्ण ठरावीक अंतराने येत नसतात. थोड्या खाटा रिकाम्या ठेवणे हा अपव्यय नव्हे.

नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये स्थापन झाले. पुढे त्यास डॉ. शंकरराव चव्हाण यांचे नाव देण्यात आले. शहराबाहेरील विष्णुपुरी येथील त्याच्या रुग्णालयात नांदेडबरोबरच हिंगोली, परभणी व यवतमाळ जिल्ह्यांतील आणि तेलंगणाच्या सीमाभागातील रुग्ण येतात. किनवटसारख्या तालुक्यातून येणाऱ्यास शंभराहून अधिक किमी. प्रवास करावा लागतो. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तेथे २४ रुग्ण दगावले. त्यांपैकी १२ नवजात बालके होती. ४८ तासांतील मृतांची संख्या ३१ झाली. त्या सुमारास ५०० मंजूर खाटांच्या या रुग्णालयात हजाराहून अधिक रुग्ण दाखल असल्याचे, तसेच २४ बालकांसाठी असलेल्या नवजात अतिदक्षता कक्षात सु. ६५ बालके असल्याचे वृत्त होते. अनेक रुग्ण अन्य रुग्णालयांतून अत्यवस्थ स्थितीत पाठविण्यात आले होते, असे प्रशासनाचे म्हणणे होते. ते मान्य केले, तरी शेवटच्या घटकेस रुग्ण पाठविण्यासाठी एकच दार उघडे का असते, हा प्रश्न शिल्लक राहतो. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली.

लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये सुरू झाले. तत्पूर्वी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपातील जखमींचा भार लातूर, सोलापूर इ. ठिकाणच्या रुग्णालयांवर पडला होता. आपत्तीतील गर्दी आणि नित्याची गर्दी यांत भेद करणे आवश्यक आहे. पहिलीत बाहेरून डॉक्टर, औषधे व स्वयंसेवक येतात आणि काही दिवसांत ती ओसरते. दुसरीसाठी कोणी धावून येत नाही.

रुग्णांची निकडीनुसार वर्गवारी करणे हा एक प्रचलित उपाय आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दॉमिनीक लारे याने ही पद्धत रणांगणावर वापरली. वर्गवारीमुळे कोणास आधी पाहावयाचे ते ठरते, खाट मात्र निर्माण होत नाही. महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘१०८’ रुग्णवाहिका सेवेचीही हीच मर्यादा आहे: तिच्यामुळे रुग्ण लवकर पोहोचतो, परंतु बहुधा त्याच भरलेल्या दारी. भूलतज्ञ, बालरोगतज्ञ व रक्तसाठा यांच्या अभावी ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जे रुग्ण पुढे पाठवितात, त्यांची संख्या तेथेच घटल्याखेरीज ही कोंडी सुटणे कठीण आहे. यात प्रशासकीय अडचणही आहे. ही रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, तर महाविद्यालयीन रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतात. परभणी येथे २०२३ मध्ये व हिंगोली येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. नांदेडवरील भार त्यांमुळे किती हलका होईल, हे तेथील पदे कितपत भरली जातात, यावर अवलंबून आहे.