चार रायफलींतून घडलेली एक

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर ओलांडून अंबरनाथला पोहोचते. पाहुण्यांच्या लेखी अंबरनाथ म्हणजे १०६० सालच्या शिलालेखाचे शिवमंदिर. कल्याण-डोंबिवलीतल्या जुन्या नोकरदार घरांत मात्र गावाचे नाव निघाले की आधी ‘ऑर्डनन्स’ आठवते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत उभ्या राहिलेल्या या कारखान्याने इथल्या कित्येक कुटुंबांना स्थिर पगार दिला. तो बंदुकांचा कारखाना नाही, धातूंचा आहे. पितळ आणि अॅल्युमिनियमचे मिश्रधातू ओतणे, त्यांचे पत्रे आणि सळ्या काढणे, काडतुसांसाठी लागणारे पितळी कप तयार करणे ही त्याची कामे. भारतीय जवानाच्या रायफलीचा सांगाडा पश्चिम बंगालमधील ईशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्लीत घडला, तिचे रेखाचित्र पुण्याच्या एआरडीईत, म्हणजे शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास आस्थापनेत तयार झाले, तिची गोळी जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावात भरली गेली. या साखळीतला धातूचा दुवा ठाणे जिल्ह्यात आहे.

ती रायफल म्हणजे ‘इन्सास’. तिचे गुणदोष आत्ता तोलून पाहण्याला कारण आहे. जानेवारी २०२४ मध्ये एआरडीईने हैदराबादच्या एका खासगी कंपनीसोबत घडवलेली ‘उग्रम’ ही ७.६२ मिमीची नवी रायफल पुण्यात सादर झाली. रायफल बनवणे या देशाने आधी केले आहे आणि त्यासाठी मोठी किंमतही मोजली आहे. त्या अनुभवाचा उपयोग नव्या रायफलीला व्हायला हवा.

१९६२ साली चीनविरुद्ध नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, बर्फात आपले जवान ली-एन्फिल्ड .३०३ घेऊन लढले. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायचा, अशी ती रायफल. त्या पराभवानंतर ईशापुरात एसएलआर, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी ‘सेल्फ-लोडिंग रायफल’, बनू लागली. मूळ रचना बेल्जियमच्या एफएन एफएएलची, पण आपल्या अभियंत्यांनी ब्रिटिश आणि युरोपीय अशा दोन्ही नमुन्यांवरून स्वतःची मापे बसवली. परिणामी आपल्या एसएलआरचे बरेचसे भाग ना ब्रिटिश रायफलीला बसत, ना बेल्जियन रायफलीला. निरनिराळ्या नमुन्यांतून आपली रायफल जुळवण्याची सवय तेव्हापासूनची आहे. एसएलआर दणकट होती आणि तिचा मारा जबर होता. पण ती जड होती, आणि तिची एक गोळी सुमारे २४ ग्रॅमची. ५.५६ मिमीची गोळी त्याच्या निम्म्या वजनाची असते. तेवढ्याच ओझ्यात जवान दुप्पट गोळ्या नेऊ शकतो, धक्का कमी बसतो, नेम लवकर सावरतो. १९८० च्या दशकात एआरडीईने ५.५६ मिमीच्या शस्त्रांचे ‘इन्सास’ कुटुंब आखायला घेतले, त्यामागे हा हिशेब होता. रायफल, लाइट मशीनगन आणि कार्बाइन अशी तीन शस्त्रे त्यात होती. कार्बाइन पुढे बाजूला पडली.

इन्सास उघडली तर आत चार घराण्यांची ओळख पटते. लांब दट्ट्याचा गॅस पिस्टन आणि फिरून कुलूपबंद होणारा बोल्ट कलाश्निकोव्हचा. गॅस कमीजास्त करणारा आणि ग्रेनेड डागताना तो बंद करणारा रेग्युलेटर एफएएलच्या धाटणीचा. डाव्या अंगाला, पुढे असलेले कॉकिंग हँडल जर्मन हेकलर अँड कॉखच्या वळणाचे. बटाच्या टोकाची पट्टी ली-एन्फिल्डची आठवण देणारी. शिवाय एका वेळी एक किंवा तीन गोळ्या सोडण्याची सोय. सलग गोळीबार मूळ रायफलीत मुद्दाम ठेवला नव्हता, कारण घाबरलेल्या क्षणी सबंध मॅगझीन रिकामे होऊ नये. मॅगझीन पारदर्शक, म्हणजे किती गोळ्या उरल्या ते नुसत्या नजरेने कळावे.

कागदावर यातली प्रत्येक निवड समजूतदार आहे. डावे हँडल ओढताना उजवा हात पकडीवरच राहतो, ही कलाश्निकोव्हपेक्षा निश्चित सुधारणा. क्रोमचा मुलामा दिलेली ४६४ मिमीची बॅरल गंजत नाही. चारशे मीटरपर्यंतच्या नेमात इन्सास एकेएमपेक्षा, म्हणजे कलाश्निकोव्हच्या सुधारित आवृत्तीपेक्षा, सरस होती, आणि मला तर या बाबतीत तिच्यावर अन्याय झाला असे वाटते. शांतपणे एकेक गोळी सोडणाऱ्या प्रशिक्षित जवानासाठी ती चांगली रायफल होती.

मग बिघडले कुठे?

कलाश्निकोव्ह कोणत्याही चिखलात चालते, याचे श्रेय लोक तिच्या पिस्टनला देतात. ते अर्धेच खरे आहे. गोळी सुटल्यावर बॅरलमधला थोडा गॅस छिद्रातून वर जातो, पिस्टन मागे ढकलतो, त्याच्यासोबत बोल्ट फिरून उघडतो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि स्प्रिंग सगळे पुन्हा पुढे आणते. कलाश्निकोव्हमध्ये हे काम गरजेपेक्षा जास्त जोराने होते. भागांमध्ये मोकळी जागा भरपूर, म्हणून वाळू अडकत नाही. तिचे ७.६२×३९ मिमीचे काडतूस ठळकपणे निमुळते आहे, त्यामुळे चेंबरमधून चटकन सुटते. आणि मॅगझीन जाड पोलादी पत्र्याचे. तिचा भरवसा या चौघांच्या मेळातून येतो.

इन्सासने पिस्टन घेतला, बाकीचे तीन सोडले. तिचे ५.५६ मिमीचे काडतूस जवळजवळ सरळ भिंतीचे आहे, त्यामुळे चेंबर मळले की ते अधिक चिकटते. नेम साधण्यासाठी बसवणूक घट्ट केली. जोराचे प्रमाण रेग्युलेटरच्या हवाली केले, म्हणजे ते नीट ठेवणे जवानावर आले. आणि पोलादी मॅगझीनच्या जागी प्लास्टिक आले. वजनाचेही गणित जमले नाही. हलक्या गोळीसाठी आखलेली ही रायफल रिकामी असताना सुमारे ४.१५ किलो भरते, तर जड गोळीची एकेएम सुमारे ३.१ किलो. गोळ्यांमध्ये वाचवलेले ओझे बरेचसे रायफलीनेच परत घेतले.

मॅगझीनच्या बाबतीत मला डोंबिवली एमआयडीसीतल्या कारागिरांशी बोलल्यासारखे बोलावेसे वाटते. इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनवर काम केलेल्या माणसाला हा दोष समजावून सांगावा लागत नाही. साच्यात वितळलेल्या प्लास्टिकचे दोन प्रवाह जिथे एकमेकांना भेटतात तिथे एक अशक्त रेघ राहते. कोपरा धारदार असेल तर सगळा ताण तिथे गोळा होतो. आणि खोलीच्या तापमानाला लवचीक असलेले प्लास्टिक थंडीत ठिसूळ होऊ शकते, ते किती होते हे त्याच्या जातीवर आणि मिश्रणावर ठरते. मॅगझीनच्या वरच्या दोन कडा गोळीला नेमक्या कोनात धरून ठेवतात. त्या केसभर जरी फाकल्या तरी पुढची गोळी चेंबरच्या तोंडाशी आडवी होते. म्हणजे रायफलीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत नाजूक भाग एकच, आणि जवान पडतो, सरपटतो, खडकावर आपटतो तेव्हा मार खाणाराही तोच.

१९९९ च्या कारगिल युद्धात हे उघड झाले. कडाक्याच्या थंडीत मॅगझीन तडकल्याच्या, रायफल अडकल्याच्या, तीन गोळ्यांवर ठेवलेली रायफल सलग सुटल्याच्या आणि तेलाचे शिंतोडे नेम धरणाऱ्याच्या डोळ्यात उडाल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. ही तेलाची तक्रार मला मॅगझीनपेक्षाही बोलकी वाटते. प्लास्टिक बदलता येते. पण गोळीबाराच्या वेळी आतले तेल मागे, डोळ्याकडे फेकले जात असेल तर झाकण, पिस्टन आणि बट यांचा एकत्र विचार कमी पडला, असा त्याचा अर्थ होतो. दोन घराण्यांचे भाग जिथे जोडले जातात, नेमका त्या सांध्यावरचा हा दोष आहे.

ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळच्या कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांच्या हल्ल्यात शाही नेपाळी सेनेचे ४० हून अधिक सैनिक मारले गेले. लांबलेल्या चकमकीत इन्सास बिघडल्या, असे नेपाळी सेनेने सांगितले. वापर नीट झाला नाही, असा भारतीय बाजूचा खुलासा होता. हा खुलासा खरा मानला तरी तो रायफलीला सोडवत नाही. रेग्युलेटर, सफाई आणि गोळीबाराचा वेग यांबाबत इतकी काटेकोर शिस्त मागणारे शस्त्र लढाईत वापरणाऱ्यावर फार विश्वास टाकते. पुढे छत्तीसगडच्या जंगलात केंद्रीय राखीव पोलीस दलानेही इन्सासऐवजी एके मागितल्या. तिथे शत्रू चारशे मीटरवर नसतो, झाडीआड हाकेच्या अंतरावर असतो.

गोळीची गोष्टही रायफलीइतकीच महत्त्वाची आहे, आणि तिचे पितळ आपल्या जिल्ह्यातले असल्याने मी तिच्याकडे थोडा जास्त वेळ वळतो. काडतुसाचे पितळ म्हणजे साधारण सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. आधी पत्र्याचा कप, मग तो साच्यातून ओढून ओढून लांब नळकांडे, मध्ये मध्ये भट्टीत तापवून मऊ करायचे, नाहीतर धातू फाटतो. गोळी उडते त्या क्षणी ते नळकांडे फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि गॅस मागे येऊ देत नाही. पुढच्याच क्षणी ते किंचित आक्रसून भिंत सोडते. हे फुगणे आणि आक्रसणे बरोबर जमले तरच बोल्ट ते बाहेर काढू शकतो. जास्त मऊ पितळ चिकटून बसते, जास्त कडक पितळ चिरते. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात साठवणीतच तडकत असत. दमट हवा, तबेल्यांतला अमोनिया आणि ओढकामात पितळात राहिलेला ताण यांचा तो एकत्र परिणाम होता, आणि त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण १९२१ साली मिळाले. म्हणून ‘रायफल अडकली’ असे कोणी म्हणतो तेव्हा दोष रायफलीचा, मॅगझीनचा की काडतुसाचा, हे वेगळे काढल्याशिवाय निकाल देता येत नाही. इन्सासच्या बाबतीत सार्वजनिक चर्चेत हे वेगळे काढणे फारसे झाले नाही. त्यात ५.५६ ची गोळी देशात पुरेशी तयार व्हायला उशीर लागला. १९९० च्या सुमारास लष्कराला सुमारे एक लाख एकेएम परदेशातून घ्याव्या लागल्या, आणि इन्सासची गोळीही काही काळ बाहेरून आणावी लागली.

दुरुस्त्या झाल्या, हे नोंदवायला हवे. मॅगझीन सुधारले, लाकूड जाऊन पॉलिमर आले, पुढे ईशापूरने आखूड बॅरलची, घडीच्या बटाची आणि सलग गोळीबार करणारी ‘एक्सकॅलिबर’ काढली. पण त्या हप्त्याहप्त्याने झाल्या. तोवर जवानाचा विश्वास उडाला होता, आणि तो कारखान्यात परत बनवता येत नाही. २०१९ मध्ये अमेरिकन सिग ७१६ चा ७२,४०० नगांचा करार झाला. डिसेंबर २०२१ मध्ये अमेठीजवळच्या कोरव्यात सहा लाखांहून अधिक एके-२०३ बनवण्याचा करार झाला. लष्कर पुन्हा ७.६२ कडे वळले.

माझे मत असे: इन्सासची कल्पना चुकीची नव्हती, आणि तिच्या अभियंत्यांना अडाणी ठरवणे तर निखालस चूक आहे. संकराने रायफल बनवण्यात कमीपणाही नाही, जगातली बहुतेक चांगली शस्त्रे अशीच बनली आहेत. चूक झाली ती भागांची पारख करताना त्यांच्या मेळाची पारख न करण्यात, आणि सियाचिनपासून थरपर्यंतच्या हवेत हजारो गोळ्या झाडून सांधे तपासण्याआधी रायफल जवानाच्या हाती देण्यात.

उग्रमचे वजन चार किलोच्या आत, मॅगझीन २० गोळ्यांचे, मारा ५०० मीटरचा, आणि ती १०० दिवसांच्या आत घडवली गेली असे तिच्या सादरीकरणावेळी सांगण्यात आले. १०० दिवसांत नमुना उभा राहणे ही पुण्याच्या अभियंत्यांची मोठी कमाई आहे. तिच्या चाचण्यांना मात्र असे घड्याळ लावू नये. उणे तापमानात मॅगझीन आपटून पाहावे, राजस्थानच्या वाळूत आणि कोकणच्या पावसात आठवडे ठेवून ती झाडावी, वेगवेगळ्या कारखान्यांतल्या भागांची अदलाबदल करून पाहावी, गोळीच्या प्रत्येक खेपेसोबत तपासावी. आणि बिघाडांची नोंद बिघाडाच्या कारणासह छापावी, म्हणजे अंबरनाथच्या भट्टीवरच्या माणसाला आपले पितळ कुठे कमी पडले तेही कळेल.

१ ऑक्टोबर २०२१ पासून जुन्या ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाच्या सात कंपन्या झाल्या आहेत. अंबरनाथची धातूची फॅक्टरी नागपूरच्या यंत्र इंडियाकडे, वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे, ईशापूर-कानपूर-तिरुचिरापल्ली कानपूरच्या कंपनीकडे गेली. पितळ, गोळी आणि रायफल आता तीन वेगळ्या ताळेबंदांत आहेत. नव्या रायफलीची चाचणी घेणाऱ्यांनी या तिन्ही कंपन्यांचे अभियंते पहिल्या दिवसापासून एकाच मैदानावर बोलवावेत, एवढी मागणी संरक्षण मंत्रालयाकडे करायला हवी, आणि ती करण्याचा हक्क ज्यांच्या घरातली माणसे या कारखान्यांत राबली त्या ठाणे जिल्ह्यातल्या वाचकांना सर्वांत आधी आहे.